आलेख लवकर उतरला, पण कशामुळे?

पांढऱ्या उंदराच्या शेपटीतली शीर सापडली की या कामातला सर्वांत अवघड भाग सरतो. शेपटीच्या दोन्ही अंगांना एकेक शीर असते. शेपटी थोडा वेळ कोमट पाण्यात धरली की ती जराशी फुगते आणि मग इन्सुलिनच्या बारीक सुईने किरणोत्सर्गी औषध आत जातं. मात्रा मिलिलिटरच्या दशांशाएवढी. जातं, म्हणजे गेलं तर. सुई शिरेबाहेर निसटली तर औषध शेपटीच्या मांसातच साचतं आणि तिथून सावकाश रक्तात झिरपत राहतं. पडद्यावरचा आलेख मग नीट वर चढतच नाही आणि धडधाकट उंदराची किडनी निकामी झालेली दिसते. म्हणून प्रत्येक स्कॅननंतर शेपटीचाही फोटो काढायचा, हा आमचा नेम. शेपटी उजळ दिसली की तो स्कॅन रद्द. आलेख कितीही मनासारखा आलेला असो.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. मुंबईत या शाखेची मुळं जुनी. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ साली सुरू झालं आणि माझ्या वरिष्ठांपैकी बरेच जण तिथेच शिकलेले. माझं रोजचं काम माणसांचं. थायरॉइड, हाडं, हृदय आणि किडनी. उंदीर माझ्याकडे आले ते आयुर्वेदातल्या एका वैद्य मॅडममुळे. द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचं शास्त्र, हा त्यांचा विषय. पुनर्नवा किडनीचं रक्षण करते असं परंपरा मानते, ते जिवंत प्राण्यात डोळ्यांनी पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न. आमच्या प्राणीगृहाशेजारी माणसांच्या सेवेतून निवृत्त झालेला एक सिंगल हेड गॅमा कॅमेरा मांडलेला होता. तो चालवणारं कुणीतरी हवं होतं.

केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर जे काम केलं, त्याच्याविषयी ऐकत आमची पिढी वाढली. तेव्हा वनस्पतीकडे संशयाने किंवा भक्तीने न पाहता मोजून पाहायचं, हे मला नवं नव्हतं. नवं होतं ते मोजण्याचं साधन. किडनीवरच्या वनस्पतींचे बहुतेक प्रयोग रक्तातल्या क्रिएटिनिनवर आणि शेवटी उंदीर मारून काढलेल्या किडनीच्या सूक्ष्मदर्शकातल्या कापावर उभे असतात. यातलं क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. किडनीची गाळण्याची ताकद जवळपास निम्मी होईपर्यंत रक्तातला आकडा फारसा हलत नाही. आणि सूक्ष्मदर्शक एकदाच बोलतो, कारण त्यासाठी प्राणी मेलेला लागतो. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच उंदराचा प्रयोगाआधी, मध्ये आणि शेवटी स्कॅन काढता येतो. प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या स्कॅनशी होते, त्यामुळे उंदीरही कमी लागतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे आम्ही हाच मुद्दा मांडला. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली प्राणी कमी वापरा, त्यांना कमी त्रास द्या आणि जमेल तिथे त्यांच्याऐवजी दुसरं काही वापरा, असं सांगितलं होतं. समितीचे सदस्य प्रत्येक उंदराचा हिशेब मागतात तो याच विचारातून.

पहिला वाद मात्र कॅमेऱ्याचा नव्हताच. तो पिशवीतल्या वाळक्या मुळ्यांचा होता. पुनर्नवा पावसाळ्यात रस्त्याकडेला, पडीक जागेत जमिनीलगत पसरते. घेटुळी म्हणून काही भागांत तिची भाजीही करतात. पण बाजारात पुनर्नवा म्हणून कधीकधी वेगळीच वनस्पती हाती येते. तीही जमिनीलगतच वाढते, पण तिचं कुळ वेगळं. वैद्य मॅडमनी बाजारातली पिशवी परत पाठवली, मुळासकट ओली झाडं गोळा करून आणली आणि एक नमुना वाळवून, कागदावर चिकटवून तज्ज्ञांकडून ओळख पटवून घेतली. मुंबईत अशा कामासाठी लोक सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमची वाट धरतात, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेची. मला तेव्हा हा वेळकाढूपणा वाटत होता. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्ही पेशंटचं नाव आणि नंबर न तपासता इंजेक्शन देता का?" त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

आमचं किरणोत्सर्गी द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. निसर्गात जवळजवळ न सापडणारं हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये पेरिये आणि सेग्रे यांनी ओळखलं. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं आणि गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे कॅमेऱ्याला अगदी सोयीची. सहा तासांत अर्धं होणारं औषध साठवून ठेवता येत नाही. म्हणून आमच्याकडे येतो तो त्याचा जनक, मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. रोज सकाळी सलाइन सोडून त्यातून ताजं टेक्नेशियम काढायचं. विभागात सगळे याला जनरेटर मिल्क करणं म्हणतात. सोमवारी मिळतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच जास्त शुक्रवारी हाती येतं. साहजिकच आधी पेशंट, मग उंदीर. आठवड्याच्या शेवटी उंदरांचा नंबर लागला की मात्रा पुरेल का, याची धाकधूक असे.

टेक्नेशियम एकटं किडनीकडे जात नाही. त्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधावं लागतं. डीटीपीए नावाच्या रेणूला जोडलं तर ते रक्तातून गाळलं जाऊन लघवीत उतरतं, म्हणून किडनी किती वेगाने गाळते हे कळतं. डीएमएसएला जोडलं तर ते किडनीच्या बाहेरच्या भागातल्या नलिकांच्या पेशींत रुतून बसतं, म्हणून दोन-तीन तासांनी किती जिवंत ऊती शिल्लक आहे हे दिसतं. जोडणी नीट झाली का, हे कागदी क्रोमॅटोग्राफीने तपासायचं. सुटं टेक्नेशियम उरलं तर ते जठरात आणि थायरॉइडमध्ये जातं. उंदराचं पोट चमकलं की आम्ही उंदराकडे न बघता आधी औषधाच्या बाटलीकडे बघायचो.

उंदराची किडनी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. माणसांसाठीचा नेहमीचा कॉलिमेटर, म्हणजे कॅमेऱ्यापुढची किरण गाळणारी जाळी, वापरला तर पडद्यावर दोन धूसर ठिपके दिसतात आणि कधीकधी ते एकमेकांत मिसळतात. म्हणून पिनहोल कॉलिमेटर लावला. एकाच छोट्या भोकातून येणारे किरण प्रतिमा मोठी करतात, पण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या किरणांची संख्या फार घटते. शिवाय उंदीर भोकाच्या थोडा जवळ सरकला तरी किडनी मोठी आणि उजळ दिसते. आठवड्याने त्याच उंदराची तुलना करायची, तर अंतर तेच हवं. प्राणीगृहातल्या मामांनी थर्माकोल कापून उंदराच्या आकाराचा एक साचा बनवला आणि टेबलावर खुणा केल्या. आमच्या सगळ्या मोजमापाची भिस्त त्या थर्माकोलवर होती. मामांचं आणखी एक काम म्हणजे खाली घातलेला शोषक कागद पाहणं. भूल दिलेला उंदीर स्कॅन चालू असताना लघवी करतो आणि ते डबकं कॅमेऱ्याला तिसऱ्या किडनीसारखं दिसतं. तो कागद, पिंजऱ्यातला भुसा, सगळं वेगळ्या डब्यात साठवायचं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे अडीच दिवस उलटले की मोजून, मगच टाकायचं.

प्रयोगाची मांडणी प्रचलित होती. एका गटाला काहीच नाही. एका गटाला फक्त पुनर्नवेचा अर्क. एका गटाला जेंटामायसिन, कारण हे प्रतिजैविक नलिकांच्या पेशींत साचून त्यांना मारतं आणि किडनीची ठरावीक इजा घडवायला ते हाताशी असतं. शेवटच्या गटाला जेंटामायसिन आणि अर्क दोन्ही.

डीटीपीए स्कॅनचा आलेख समजावताना मी पेशंटच्या नातेवाइकांना सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण देते. आधी पंपाने पाणी चढतं, मग वर भरतं आणि नळातून उतरतं. टाकीतली पातळी दोन्हींवर ठरते. आलेखाची पहिली झपाट्याने चढणारी रेषा म्हणजे पंपाची ताकद, अर्थात गाळण्याचा वेग. नंतरची उतरती रेषा म्हणजे लघवी वाहून जाण्याचा वेग. उंदरात हा खेळ माणसापेक्षा लवकर आटोपतो, त्यामुळे सुरुवातीच्या काही सेकंदांतल्या फ्रेम फार मोलाच्या.

जेंटामायसिनच्या गटात आलेख अपेक्षेप्रमाणे बसका आला. वर सावकाश चढला आणि खाली उतरायला तयार नाही. जेंटामायसिनबरोबर अर्क दिलेल्या गटात उतरती रेषा चांगली तिरकी झाली. औषध किडनीतून झटपट निघून मूत्राशयात गेलं. खोलीत सगळ्यांचे चेहरे उजळले. प्रयोगातल्या विद्यार्थ्यांनी तर त्याच दिवशी पोस्टरचं शीर्षक ठरवलं, त्यात 'रक्षण' हा शब्द होताच.

मला मात्र तो आलेख ओळखीचा वाटला. असा आलेख मी जवळजवळ रोज पाहते. किडनीच्या तोंडाशी अडथळा आहे का, हे पाहायचं असेल तर आम्ही पेशंटला फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन देतो. लघवी वाढते, साचलेलं औषध धुऊन निघतं आणि रेषा झपकन खाली येते. त्या इंजेक्शनने कुणाची किडनी सुधारत नाही. फक्त नळ मोठा होतो. आणि पुनर्नवा तर लघवी वाढवणारी म्हणूनच शतकानुशतकं सुजेवर दिली गेली. कलकत्त्यात डॉ. राम नाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात तिचा अभ्यास केला, तोही तिच्या मूत्रल गुणामुळेच. तिच्यात पोटॅशियम नायट्रेट भरपूर असतं, हेही तेव्हापासून माहीत आहे. मग आम्ही पाहिलेली उतरती रेषा म्हणजे वाचलेल्या पेशी होत्या की जास्त झालेली लघवी?

मी सुचवलं की काही निरोगी उंदरांना स्कॅनच्या वेळी फक्त फ्युरोसेमाइड देऊन पाहावं. वैद्य मॅडम थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "करा. शास्त्रात मूत्रविरेचनीय द्रव्यं वेगळी सांगितलीत आणि वयःस्थापन वेगळी. पुनर्नवा चरकांनी वयःस्थापनात घातलीय. म्हणजे लघवी होणं आणि शरीर टिकणं एकच, असं आमचंही म्हणणं नाही." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला बरं वाटलं. आपल्या वनस्पतीवर कुणी शंका घेतली की अनेकांना ती परंपरेवरची शंका वाटते. त्यांना ती वनस्पतीकडे नीट पाहणं वाटली.

फ्युरोसेमाइडच्या उंदरांचा आलेख जवळजवळ तसाच उतरला. तेव्हापासून आम्ही निष्कर्षासाठी उतरती रेषा वापरायची नाही, असं ठरवलं. चढती रेषा आणि डीएमएसए, एवढ्याच दोन गोष्टींवर बोलायचं. त्या दोन्हींत अर्काच्या गटात फरक दिसला, पण तो मूळ उत्साहाच्या मानाने बारीक होता. आमच्या मोजक्या उंदरांवरून पुनर्नवेचा निवाडा करायचा नाही, म्हणून त्या फरकाचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही.

भूलही साधी गोष्ट नव्हती. केटामाइनबरोबर दिलं जाणारं झायलाझिन स्वतःच लघवी वाढवतं. भुलीने रक्तदाब आणि शरीराचं तापमान उतरतं आणि त्याबरोबर किडनीकडे जाणारं रक्तही कमी होतं. सगळ्या गटांना तीच भूल, तेवढाच वेळ आणि अंगाखाली तीच ऊब मिळाली, तरच तुलनेला अर्थ. आणि पाणी? आदल्या रात्री एका पिंजऱ्यातली बाटली रिकामी राहिली तर सकाळचा आलेख वनस्पतीची नव्हे, तहानेची गोष्ट सांगतो.

फक्त अर्काचा गट ठेवला होता तो याहून खोल शंकेसाठी. टेक्नेशियम रेणूला जोडताना टिन या धातूचे आयन लागतात आणि वनस्पतींतली ऑक्सिडीकरणावर परिणाम करणारी द्रव्यं या रसायनात ढवळाढवळ करू शकतात. ब्राझीलमध्ये रिओ द जनेरोच्या संशोधकांनी अनेक वनस्पतींच्या अर्कांनी टेक्नेशियमची रक्तपेशींशी होणारी जोडणी बदलते, हे दाखवून दिलं आहे. डीएमएसएचं किडनीतलं रुतणं तर शरीरातल्या आम्लतेनेही बदलतं. म्हणजे काढ्याने लघवीची आम्लता बदलली तर किडनी तशीच असूनही फोटो बदलेल. वनस्पतीने किडनी बदलली की किडनीकडे पाहणारी काच, हा प्रश्न प्रत्येक वेळी आधी विचारावा लागतो. निरोगी उंदराला फक्त अर्क देऊन काढलेला स्कॅन या प्रश्नाचं निम्मं उत्तर देतो. उरलेलं निम्मं सूक्ष्मदर्शकाकडे जाऊन विचारावं लागतं. म्हणूनच कॅमेऱ्याने क्रिएटिनिनची आणि सूक्ष्मदर्शकाची जागा घेतली, असं मी कधी म्हणत नाही. तो त्यांच्या शेजारी बसतो, एवढंच.

या सगळ्यानंतर माझं माणसांचं काम बदललं. किडनी विकाराचे पेशंट स्कॅनला येतात तेव्हा त्यांचे नातेवाईक हळूच विचारतात, "मॅडम, पुनर्नवेचा काढा सुरू केलाय. लघवी छान होतेय. चालू ठेवू ना?" पूर्वी मी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारायचे. आता दोन मिनिटं थांबते. लघवी छान होतेय, याचा अर्थ किडनी छान गाळतेय असा नाही, हे सांगते. बिघडलेल्या किडनीला जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं, हेही सांगते. निरोगी माणसाला निरुपद्रवी असलेला काढा त्या पेशंटला निरुपद्रवी असेलच, असं नाही.

मग आमच्या प्रयोगाचीच एक मर्यादा त्यांना सांगते. आम्ही अर्क जेंटामायसिनबरोबर दिला. किडनीचं रक्षण दाखवणाऱ्या प्राण्यांवरच्या बऱ्याच प्रयोगांत वनस्पती इजेच्या आधी किंवा इजेबरोबर दिली जाते. पेशंट येतो तो इजा होऊन गेल्यावर, अनेकदा काही वर्षांनी, मधुमेहाने किंवा रक्तदाबाने नलिका आटून गेल्यावर. उंदरांतलं उत्तम उत्तरही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

वनस्पती चुकीची निघाली तर काय होतं, हे ब्रुसेल्सने दाखवलं. तिथल्या वजन कमी करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी होऊ लागल्या. १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. ठरलेल्या वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकियाची एक जात आली होती आणि तिच्यातल्या अरिस्टोलोकिक आम्लाने किडनीचा घास घेतला. शंभराहून अधिक स्त्रियांना त्याची झळ लागली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडे ईश्वरी म्हणून ओळखली जाणारी वनस्पती याच कुळातली आहे. मी नातेवाइकांना हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. काढा कुणी दिला यापेक्षा त्यात नक्की कोणतं मूळ आहे, हे आधी विचारायला हवं, एवढ्यासाठी सांगते.

मला वनस्पतींविषयी अविश्वास वाटू लागला का, असं आमच्या विभागातल्या एका नव्या मुलाने विचारलं. उलट आहे. पुनर्नवेबद्दलचा माझा आदर वाढला, कारण मी तिला फ्युरोसेमाइडच्या शेजारी उभं करून पाहिलं आणि तिचं मूत्रल काम खरंच किती चोख आहे हे माझ्या डोळ्यांनी मोजलं. अविश्वास बसला तो 'प्रयोगशाळेत सिद्ध' या एका शिक्क्यावर. कारण तो शिक्का नेमकं काय मोजलं, कोणत्या वेळी मोजलं आणि कुणाच्या अंगात मोजलं, यातलं काहीच सांगत नाही. आमच्या अहवालात 'रक्षण' हा शब्द शेवटी आला नाही. "निरोगी उंदरांत लघवीचा निचरा वाढतो, इजेबरोबर दिल्यास गाळण्याचा वेग काही प्रमाणात टिकतो, झालेल्या इजेबाबत हा प्रयोग काही सांगू शकत नाही," असं वैद्य मॅडमनी स्वतः लिहिलं. पोस्टरवर ते दिमाखदार दिसलं नाही, आणि विद्यार्थी थोडे हिरमुसले. पुढचा प्रस्ताव त्यांनीच लिहिला आहे. त्यात जेंटामायसिन आधी देऊन, इजा डीएमएसएने पाहून, मग अर्क सुरू करायचा आहे. समितीने उंदरांची संख्या आणखी कमी करायला सांगितली आहे आणि ते बरोबरच आहे.